फ्लाय बांधायला काय घ्यावं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमच्या प्रतिक्रियेत राग असला तरी काळजी नवशिक्यांचीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो. (नव्या वाचकांसाठी: फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस दोऱ्याने बांधून केलेलं माशांसाठीचं नकली आमिष.) तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अवजारांचं स्वस्त किट घेऊ नका असं सांगून मी नव्या पोरांना पहिल्याच पायरीवर अडवतो, व्हाइस (गळ पकडून ठेवणारा चिमटा), बॉबिन (दोऱ्याचं रीळ धरणारी नळी) सगळं सारखंच असतं, आणि साहित्य चिकनच्या दुकानात, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, खाडीकाठी पडलेल्या फ्लेमिंगोच्या पिसांत फुकटात किंवा चार पैशांत मिळतं, मग परदेशी पाकिटं कशाला?

किटबद्दल मी ठाम आहे. फ्लाय टिकते ती दोऱ्याच्या ताणावर. दोरा तुटायच्या बेतात येईपर्यंत ओढायचा आणि तोच ताण धरून वेढे द्यायचे, निम्मी विद्या यातच आली. स्वस्त व्हाइसचा जबडा बहुतेक वेळा मऊ धातूचा असतो. ताण आला की गळ झुकतो. मग नवशिका नकळत हात सैल सोडतो, आणि पहिल्या तिलापियाने फ्लाय धरली की ती गळाच्या दांड्याभोवती गरगर फिरते. बॉबिनचं त्याहून वाईट. नळीच्या तोंडाला बारीक धार राहिलेली असते, ती दोरा कुरतडते. दोरा पुन्हा पुन्हा तुटतो आणि मुलाला वाटतं, आपला हातच या कामाचा नाही. चूक अवजाराची, आणि सोडून देतो तो. मला याचं फार वाईट वाटतं.

किट घेतलंच असेल तर फेकू नका, तपासा. आठ नंबरचा गळ व्हाइसमध्ये धरून त्याच्या नेढ्यावर बोटाने दाबा. गळाची तार लवली पाहिजे, गळ जबड्यातून सरकता कामा नये. बॉबिनच्या तोंडावरून कापूस फिरवा. तंतू अडकले तर सिरॅमिक तोंडाची बॉबिन घ्या. कात्री भरतकामाची, बारीक टोकाची हवी, आणि तिने तार कधीच कापायची नाही. बाकी अवजारांची घाई नको. गळ गोल फिरवणारी रोटरी व्हाइस सुरुवातीला लागत नाही, शेवटच्या गाठी रिकाम्या बॉलपेनच्या नळीने मारता येतात.

साहित्याबाबत मात्र मी बराचसा तुमच्याच बाजूचा आहे. जरीच्या दुकानातला बादला म्हणजे उत्तम टिन्सेल, फ्लायला चमक देणारी चपटी पट्टी. मोटार वाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार, लोकर, की-चेनची मण्यांची साखळी, सगळं ठाण्यात मिळतं. अपवाद दोऱ्याचा. शिवणाचा दोरा पिळाचा आणि जाड, फ्लायच्या डोक्यापाशी त्याचा गोळा होतो. फ्लायचा दोरा चपटा बसतो; मोठ्या फ्लायला 140 डेनिअर, लहानीला 70. (9000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर, भिवंडीत यंत्रमागावर काम केलेला माणूस तुम्हाला हे झोपेतही सांगेल.)

चिकनच्या दुकानातली पिसं बहुतेक ब्रॉयलरची. तो पक्षी दीडेक महिन्यातच कापला जातो, मानेची पिसं तयारच झालेली नसतात. शेपूट बांधायला त्याचा मऊ पिसारा चालतो. हॅकलसाठी (गळाभोवती गुंडाळायच्या मानेच्या पिसासाठी) मोठ्या गावठी कोंबड्याची मान मागा. शाम्पूने धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर कीड लागते. पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायला लागणारं ताठ, महागडं हॅकल खाडीसाठी घ्यायचं कारणच नाही.

आता फ्लेमिंगो. दादा, हे मात्र कृपा करून कुणाला सुचवू नका. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि पीस आपोआप गळलेलं असलं तरी ते उचलून आणायला त्यात परवानगी नाही. खंड्या, बगळे, राखी रानकोंबडा यांनाही हेच लागू. रानकोंबड्याच्या मानेवरच्या चकचकीत ठिपक्यांच्या पिसांना सॅमन माशासाठी फ्लाय बांधणाऱ्यांची जुनी मागणी आहे, म्हणून सह्याद्रीत राहणाऱ्या आपण तर जास्तच जपायला हवं. मोराची गळलेली पिसं देशात विकता येतात, परदेशी पाठवता येत नाहीत. गुलाबी रंग हवाच असेल तर ब्रॉयलरचं पांढरं पीस गरम पाण्यात, थोडं व्हिनेगर आणि खाण्याचा रंग घालून बुडवा. सुंदर रंग धरतं.

तुमच्या प्रतिक्रियेत एक गोष्ट राहून गेली: आधी फ्लाय ठरवा, मग सामान. पंधरा प्रकारची पिसं घेऊन बसलेल्याची एकही फ्लाय धड होत नाही. आपल्या खाडीसाठी माझी निवड क्लाउझर मिनो. अमेरिकेतल्या बॉब क्लाउझर यांनी ती 1980 च्या दशकात नदीतल्या बास माशांसाठी बांधली, पण खाऱ्या पाण्यातही ती तितकीच चालते. डोळ्यांचं वजन दांड्याच्या वरच्या बाजूला असल्याने गळ उलटा होऊन टोक वर राहतं आणि तिवरांच्या मुळांत, चिखलात कमी अडकतं. मूळ फ्लायला हरणाच्या शेपटीचे केस लागतात. आपण बोकडाचे लांब पांढरे केस घ्यायचे. डोळ्यांसाठी की-चेनचे दोन मणी.

म्हणजे केस आणि मणी सोडता सुरुवातीची खरेदी एवढीच: गळ धरून ठेवणारी व्हाइस, गुळगुळीत तोंडाची बॉबिन, कात्री, 140 डेनिअरचं एक रीळ, शेवटच्या गाठीवर लावायला नेलपॉलिश आणि जिताड्याच्या आशेने 1/0 नंबरचे स्टेनलेस गळ. साधे गळ खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात. ही क्लाउझर बांधून झाली की त्याच केसांत थोडा बादला घालून दुसरी बांधा, आणि दोन्ही एकाच भरतीला टाकून बघा.