बचतीच्या 21 टिप्स आणि आमच्या ह्यांचा चहा

काल परत फॅमिली ग्रुपवर तो मेसेज आला, "गृहिणींनो, घरखर्चात बचतीच्या 21 टिप्स". पाठवणारे कोण तर आमचे धाकटे दीर, ज्यांना स्वतःच्या घरात साखर कुठल्या डब्यात असते ते ठाऊक नाही. आणि टिप्स काय, तर भाजी घासाघीस करून घ्या, डाळ भिजत घाला, उरलेल्या भाताला फोडणी द्या. अहो भाऊजी, त्याच फोडणीच्या भातावर आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तुम्हाला लहानाचं मोठं केलंय.

ग्रुपवर मी नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला, पण पोटातलं इथं लिहिते. घरखर्च म्हटलं की सगळ्यांची नजर थेट स्वयंपाकघराकडं जाते, आणि घरात ती एकच जागा अशी आहे जिथं आधीपासून पैपैचा हिशेब चाललेला असतो. तिथला रस कधीच निघालाय, आता चोथा पिळून काय मिळणार?

जानेवारीत मी घरात फर्मान काढलं की महिनाभर सगळ्यांनी खर्च लिहायचा, एकाच वहीत, आणि वही फ्रिजवर. पोरीनं पण लिहायचं, ह्यांनी पण. हे म्हणाले, "मी काय खर्च करतो गं, पेट्रोल सोडून?" म्हटलं लिहा तर खरं.

हे आमच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत कामाला. दिवसातनं दोनदा टपरीवर चहा, एकटं कोण पितंय, बरोबर कुणीतरी असतंच, म्हणजे चार कप. दहानं चाळीस. महिन्याचे 26 दिवस धरले तर 1040 रुपये झाले की वो! त्यात माझा गॅस सिलेंडर येऊन वर सुट्टे उरतात. आणि मी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी त्या मावशीशी तोंड वाजवत होते, जिची पाटी बिचारी पहाटे कुठल्या गावातनं निघालेली असती देव जाणे. ते मी त्या दिवसापासून बंद केलं. पाच रुपये तिला राहू देत.

चहा बंद करा असं मी म्हणाले नाही हां, कामावर माणसाला तेवढा विसावा लागतो. फक्त तो वहीत आला पाहिजे. वहीत अजून काय काय आलं, तर ह्यांच्या मोबाईलचा 'नो कॉस्ट' हप्ता (जुना मोबाईल चांगला चालत होता, आता आत्या त्यावर कीर्तनं बघतात), एक सिनेमाचं ॲप जे गेल्या दिवाळीपासून कुणी उघडलंच नव्हतं पण खात्यातनं पैसे गुपचूप जात होते, आणि फ्री डिलिव्हरीसाठी 40 रुपये कमी पडतात म्हणून उगीच मागवलेल्या वस्तू. ते ॲप त्याच रात्री बंद केलं. दोन मिनिटं लागली. कुठल्या टिप्समध्ये असतंय हे?

आता लाईट बिलाचं सांगते, कारण ह्यात लई जणांचा घोळ आहे. आमच्या शेजारच्या वहिनींना वाटायचं की 100 युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटला वाढीव दर लागतो. तसं नाही. महावितरणच्या बिलाची मागची बाजू बघा, पहिले 100 एका दरानं, आणि 101 ते 300 मधले जेवढे वापरले तेवढेच पुढच्या दरानं, पण तो दर जवळजवळ दुप्पट आहे. म्हणजे तुमचे 160 युनिट होत असतील तर वाचवलेलं प्रत्येक युनिट ह्या वरच्या महागड्या 60 मधनं कमी होतं. म्हणून कष्ट तिथं घ्यायचे.

आमच्यात तीन जुने पंखे होते, एकेक 75 वॅटचा. आता ते नवे बीएलडीसी पंखे येतात ते 30 वॅटच्या आसपास खातात. दिवसाला दहा तास धरा, तीन पंख्यांचा हिशेब केला तर महिन्याला चाळीस युनिट वाचतात. सांगलीचा एप्रिल-मे ज्यानं काढलाय त्याला दहा तास कमीच वाटतील. पंखा अडीच-तीन हजाराचा, एकदम तीन घ्यायला जमलं नाही, एकेक करून घेतले. शून्याचे बल्ब बंद करून नुसता मनस्ताप होतो, खरी राक्षसीण गिझर आहे. 2000 वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट गेलं. आधी पोरगी गिझर लावून मोबाईल बघत बसायची, आता एकामागं एक सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या आणि बटण बंद, असा नियम केलाय. भांडणं होतात, होऊ देत.

गॅसचं फार सांगत नाही, सगळ्या बायकांना माहितीय. फक्त एक, सिलेंडर घरात घेताना वजन करून मागा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवायचे, तेवढं भरलं पाहिजे. आणणाऱ्याकडं काटा असायला पाहिजे असा नियमच आहे, मागायला लाजू नका. मी पहिल्यांदा मागितला तेव्हा तो पोरगा माझ्याकडं असा बघत राहिला जसं काय मी त्याची किडनी मागितली!

वर्षाचं भरून ठेवण्यावर मात्र माझं मत आता जरा बदललंय. आमच्याकडं पूर्वीपासून सुगीला वर्षाचा शाळू (ज्वारी) भरायचा, गहू भरायचा, उन्हाळ्यात मिरच्या आणून देठं खुडून वाळवून डंकावरनं वर्षाची चटणी आणायची. हळकुंडं घेऊन दळून आणायची, हळदीच्या पेठेत राहून पाकिटातली हळद घ्यायची म्हणजे लाजच की. शेजारी हरिपुरात तर हळद ठेवायला जमिनीत पेवंच होती, साठवणं आमच्या अंगातच आहे. हंगामात माल स्वस्त असतो, त्यामुळं परवडतंच. पण 2019 च्या ऑगस्टात महापूर आला, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि गावभागातल्या आमच्या खालच्या खोलीतली वर्षाची भरणी एका रात्रीत कुजली. कणग्या, पोती, चटणीची बरणी, सगळं. त्या वर्षी स्वस्तात घेतलेलं धान्य सगळ्यात महाग पडलं. तेव्हापासून सहा महिन्यांचंच भरते, ते पण माळ्यावर, कडुलिंबाचा पाला घालून. चटणी तेवढी वर्षाची, तिथं तडजोड नाही.

मॉलमधल्या मोठ्या पॅकला मी बरीच वर्षं फसले. मोठं म्हणजे स्वस्त असं काही नसतंय. हल्ली पाकिटावर एमआरपीजवळ बारीक अक्षरात 'युनिट सेल प्राईस' छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा मिलीला किती पडले ते. चष्मा लावून ते वाचा. आमच्या दुकानात शाम्पूच्या दोन रुपयांच्या पुड्या बाटलीपेक्षा निम्म्यात पडतात. पुड्यांचा कचरा होतो हे खरं, त्यामुळं मनाला टोचतं, पण महिनाअखेरीला मन जरा कमी टोचतं. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल ह्यांच्यावरचा जीएसटी 18 वरनं 5 टक्क्यांवर आलाय, जुनी एमआरपी दाखवून कुणी घेत असेल तर विचारा.

आत्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या हा मोठा खड्डा होता. डॉक्टरांना विचारून, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं आणि जनऔषधी केंद्रातनं आणायला सुरुवात केली. बिल निम्म्याच्या खाली आलं. आत्यांना पहिले पंधरा दिवस शंका होती, "स्वस्तातल्या गोळीला गुण येतोय का?" मग शुगरचा रिपोर्ट बघितला आणि गप्प बसल्या. विचारल्याशिवाय मात्र कुणी गोळ्या बदलू नका.

आणि खाऊ. पोरीला रोज दहा-वीस रुपयांचं पाकीट लागायचं, ज्यात हवाच जास्त. आपण सांगलीत राहतो, भडंग सोडून हे काय खातोय? रविवारी मोठी पातेली भरून करते. चिरमुरे आधी कढईत कोरडे भाजायचे, मग जास्तीच्या तेलात शेंगदाणे, ठेचलेला लसूण कुरकुरीत होईपर्यंत, कढीपत्ता, गॅस बंद करून मग चटणी (आधी टाकली तर जळते आणि सगळ्या गल्लीला ठसका), मीठ, चिमूटभर पिठीसाखर. डबा आठवडाभर पुरायला पाहिजे. बुधवारीच संपतो, कारण हे रात्री उठून खातात, आणि ते वहीत कोण लिहीत नाही.

तर भाऊजी, ही झाली माझी यादी, ह्यात अर्ध्या गोष्टी बाप्यांनी करायच्या आहेत, ग्रुपवर फॉरवर्ड करा.

हां, आमचे हे हे वाचून खाली कमेंट करणारच, म्हणून आधीच कबूल करते. जानेवारीच्या वहीत माझ्या नावावर भिशीच्या दिवशी घेतलेली एक साडी आहे, 1350 ची, "लागत होती" असं पुढं मीच लिहिलंय. ह्यांनी त्याला लाल पेननं गोल केलाय आणि शेजारी लिहिलंय, "33 दिवसांचा चहा".