‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता महाशय,

सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा कशी आली, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘बिस्मार्कला एका ओळीत उरकलंत. फुकट उपचार ही श्रीमंत देशांची चैन आहे, आपल्याकडे कर भरतात किती जण? एसीत बसून इतिहास लिहिणाऱ्यांनी आधी सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभं राहून दाखवावं.’

बिस्मार्कचं मान्य. जर्मनीच्या या चान्सलरने आणलेल्या १८८३ च्या आजारविमा कायद्याला आणखी जागा द्यायला हरकत नव्हती. समाजवाद्यांकडे जाणारे कामगार आपल्याकडे वळवायला त्याने तो आणला, एवढं तरी सांगता आलं असतं. घ्या, सांगितलं.

आता ती रांग. मतभेद असावेत, नाहीतर लिहायचं कशाला? पण ज्या माणसाला तुम्ही कधी भेटला नाहीत, त्याच्या घरी एसी आहे की पंखा, हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझे वडील सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापला जायचा. लहानपणी ताप आला की विमा दवाखान्याच्या रांगेत मी वडिलांचं बोट धरून उभा असे. तेव्हा रांगेवर भाषण द्यायचं असेल तर दुसरा माणूस बघा.

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्याच कार्डावर झालं, बिल म्हणून काही हातात पडलंच नाही. दिंडोरीच्या मावशीलाही पुढे तेच दुखणं निघालं. ती द्राक्षबागेत रोजंदारीवर जायची, कार्ड कुठलं? एका खासगी रुग्णालयाने आधी डिपॉझिट भरा म्हटलं आणि मावशीचं मंगळसूत्र गहाण पडलं. दोघी सख्ख्या बहिणी. एकीच्या नवऱ्याचं नाव हजेरीपटावर होतं, दुसरीच्या नव्हतं. माझा अख्खा लेख याच फरकावर होता. तुम्ही तो वाचलात, की शीर्षक बघून थेट खाली उतरलात?

हा फरक नशिबाने पडलेला नाही. आपला कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा. प्रत्यक्ष योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवाही १९४८ चीच, ५ जुलैची. त्यांनी देशात राहणाऱ्या सगळ्यांना घेतलं, आपण कारखान्यात हजेरी लागणाऱ्यांना. बरं, सगळ्यांसाठीची योजना आपल्याकडे नव्हती असंही नाही. स्वातंत्र्याआधी सरकारने आरोग्यसेवेसाठी नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ चा. पैसे नाहीत म्हणून कोणाचे उपचार अडू नयेत, हे त्यात स्वच्छ लिहिलं आहे. तूर्त ४० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पुढे दर १० ते २० हजारांमागे ७५ खाटांचं रुग्णालय. यातलं ‘तूर्त’ तेवढं रेटत नेलं, ‘पुढे’ कागदावरच राहिलं. (सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. पंचवटीत तीन पिढ्या काढल्याचं तुम्ही दर प्रतिक्रियेत सांगता, म्हणून म्हटलं.)

आणि श्रीमंत देश कोणता म्हणालात? ब्रिटनमध्ये ही सेवा सुरू झाली त्या दिवशी तिथे पावसुद्धा रेशनवर मिळत होता. पावाचं रेशनिंग उठलं २४ जुलैला. अमेरिकेकडून घेतलेलं युद्धानंतरचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. थायलंडचं चलन १९९७ मध्ये कोसळलं, आणि पाचेक वर्षांच्या आत तिथे एका भेटीला ३० बाट देऊन उपचार मिळू लागले. खिसा भरल्यावर सुरू करू म्हणत कोणी बसून राहिलं नव्हतं.

करदात्यांबद्दल: मावशी साबण घेते, त्यावर जीएसटी भरते. यावर मला अधिक काही बोलायचं नाही.

सरकारी दवाखान्यांची अवस्था वाईट आहे, हे मी कुठे नाकारलंय? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत, पण पैसे न घेणं आणि डॉक्टर जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यावर सवडीने लिहीन, तुमच्या फर्माईशीवर नव्हे.

तुमची रात्री आलेली दुसरी प्रतिक्रिया मी उडवली आहे. तिच्यात माझ्या आडनावावरून काढलेल्या निष्कर्षांशिवाय काही नव्हतं. पुन्हा टाकलीत तर पुन्हा उडवीन.