अडकित्ता वापरा, औषधाचा खर्च निम्मा करा

महिन्याचं मेडिकलचं बिल बघून छातीत धस्स होत असेल तर पहिली गोष्ट, घाबरू नका, कारण घाबरलं की बीपी वाढतं आणि बीपीची गोळीपण त्याच बिलात आहे. मी सांगते तसं करा. ही काही ऐकीव माहिती नाहीये, आमच्या सासऱ्यांनी म्हणजे आप्पांनी सदाशिव पेठेतल्या आमच्या घरात वर्षभर हा प्रयोग स्वतःवर केलाय आणि त्याची साक्षीदार मी आहे.

सुरुवात अशी करायची की काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही हे डोक्यात पक्कं बसवून घ्यायचं. मंडईत मेथीची जुडी वीसला म्हणाला की पंधरा म्हणायचं, पंधराला आला की वर कोथिंबिरीच्या चार काड्या मागायच्या. मेडिकलच्या काउंटरवर मात्र आपण एकदम पेशवे. आप्पा म्हणजे पीएमपीएमएलचा पास वसूल व्हावा म्हणून काम नसताना कात्रजला जाऊन येणारे गृहस्थ, पण शुगरची जी गोळी दिवसाला साठेक रुपयांना पडते तिच्या तीन स्ट्रिप ते किंमत न विचारता घेतात, आणि बिलावर दहा टक्के सूट मिळाली की "ओळखीचा आहे, आपल्याला देतो" म्हणून दोन दिवस खूश. सूट तो दारावर पाटी लावून सगळ्यांनाच देतो. पण आपण पुणेकर पाट्या लिहितो, वाचत नाही. आणि सुटीवर समाधान मानायचं हे बरोबरच आहे, कारण सरकारच्या यादीत नसलेल्या औषधाची एमआरपी कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढवता येते, २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशातच तशी सोय आहे, म्हणजे या वर्षी दहा टक्के सूट मिळाली की गेल्या वर्षीच्या भावाला जेमतेम हात टेकला.

आता महत्त्वाचं. स्ट्रिप उलटीपालटी करून वाचत बसू नका. ब्रँडच्या ठळक नावाजवळ औषधाचं खरं नाव छापलेलं असतं, ते वाचलं की माणूस बिघडतो. मी एकदा वाचलं. एम्पाग्लिफ्लोझिन. जीभ सरळ व्हायला दोन मिनिटं गेली, मग शोधलं तर कळलं की या औषधाचं आपल्याकडचं पेटंट मार्च २०२५ मध्येच संपलंय आणि संपल्या संपल्या ढीगभर कंपन्यांनी तेच औषध बाजारात आणलंय, काहींनी तर गोळीला दहा रुपयांच्याही आत. साठाचे दहा! कांदा एवढा पडला असता तर लासलगावला रास्ता रोको झाला असता. आमच्या घरात मात्र काही हललं नाही, कारण आप्पांची चिठ्ठी तीन वर्षांपूर्वीची, तिला त्यांनी लॅमिनेशन करून घेतलंय, आणि लॅमिनेशन केलेल्या गोष्टीत बदल करायचा नसतो.

तरी मी बोलले. तर आप्पा म्हणाले, "अगं, स्वस्तात तेच मिळत असतं तर डॉक्टरांनीच नसतं का लिहिलं?"

बिनतोड. तुम्हीपण डॉक्टरांना कधी विचारू नका. नियम म्हणाल तर २०१६ पासून आहे की डॉक्टरांनी औषध जेनेरिक, म्हणजे ब्रँडच्या नाही तर त्या खऱ्या नावानं, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, आणि तो किती पाळला जातो हे बघायचं असेल तर घरातली कुठलीही चिठ्ठी घ्या आणि सरळ धरलीये का उलटी ते सांगा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं जरा कडक नियम आणले, त्याच महिन्यात स्थगितपण केले, एवढ्या वेळात आमच्या सोसायटीत टाकीच्या गळतीचं कोटेशनसुद्धा येत नाही. बरं, दुकानदाराला म्हणावं की यातलंच दुसऱ्या कंपनीचं दे, तर चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल तर असल्या औषधात त्याला परस्पर बदल करायची कायद्यानं परवानगी नाही. म्हणजे सगळं घोडं अडलंय कुठे, तर डॉक्टरांसमोर "यातलं स्वस्त काही चालेल का, जेनेरिक नाव लिहून द्याल का" एवढं एक वाक्य बोलण्यावर. आणि ते कसं बोलणार? आठशे रुपये फी भरून चार मिनिटं मिळतात, त्यातली तीन आप्पा डॉक्टरांच्या मुलाच्या ॲडमिशनची चौकशी करण्यात घालवतात. शिवाय चांगल्या घरचा माणूस डॉक्टरांपुढे पैशाचं बोलतो का.

जनऔषधीच्या वाटेला तर जाऊच नका. २००८ साली सुरू झालेली सरकारी योजना, देशात दहा हजारांच्या वर दुकानं, दोन हजारांच्या वर औषधं, किंमत ब्रँडच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी, म्हणजे नक्की काहीतरी काळंबेरं. 'जनऔषधि सुगम' नावाचं ॲप जवळचं दुकान आणि औषधाचा भाव दोन्ही दाखवतं, पण फोनमध्ये जागा कुठाय, सुप्रभातचे फोटो कुठे ठेवायचे? आप्पांचा सिद्धान्त असा की स्वस्त गोळी म्हणजे आत खडू. हे कोण सांगतंय, तर ज्यांना लहानपणी न्यूमोनिया झाला तेव्हा आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचं पेनिसिलिन टोचलं होतं आणि ती गोष्ट जे अजून अभिमानानं सांगतात. १९५४ ची सरकारी कंपनी, तिच्यात खडू नव्हता. हडपसरच्या सीरमची कोविडची लस फुकट मिळाली, दोनदा घेतली, तिच्यातपण नव्हता. खडू फक्त जनऔषधीत.

(एक मात्र उपरोध बाजूला ठेवून सांगते. थायरॉइड, फिट्स, रक्त पातळ करायच्या गोळ्या, यात आपल्या मनानं कंपनी बदलू नका, डॉक्टरांना सांगूनच करा. आप्पांना यातलं काहीच नाही, पण हे वाक्य त्यांनी कुठूनतरी ऐकलं आणि शुगरच्या गोळीला लावलं.)

मग बचत करायची कशी? आमच्याकडे आजेसासूबाईंचा पितळी अडकित्ता आहे. सुपारी सुटली, अडकित्ता राहिला. रोज रात्री जेवणं झाली की आप्पा टेबलावर पेपर पसरायचे, चष्मा नाकावर ओढायचे, गोळी पात्यांत बरोब्बर मधोमध धरायचे आणि कट्. अर्धी तोंडात, अर्धी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. पेपरवर पडलेला भुगा ओल्या बोटानं टिपून चाटायचे, वाया काही जाता कामा नये. सगळ्या गोळ्यांना सारखा न्याय, साठवाली अर्धी, बीपीची अर्धी, आणि ती मोठी पांढरी मेटफॉर्मिन एसआर तीपण अर्धी. वास्तविक एसआरवाली गोळी पोटात तासन् तास सावकाश औषध सोडत राहील अशी बनवलेली असते, ती अडकित्त्यात चिरडली की सगळी व्यवस्थाच मोडते आणि औषध एकदम अंगावर येतं. मी हे सांगितलं तर म्हणाले, "एसआर म्हणजे सीनियर. आमच्याचसाठी आहे ती."

हा कारभार मला कळला वासावरून. मेटफॉर्मिनला बारीकसा माशासारखा वास असतो, स्ट्रिपमध्ये जाणवत नाही, पण तीस-चाळीस अर्धुकं डब्यात महिनाभर कोंडली की झाकण उघडताच सुके बोंबील. सासूबाईंनी त्या वासापायी मागच्या खोलीतल्या भाडेकरू मुलांवर संशय घेतला, त्यांच्याशी आठ दिवस बोलणं बंद, जिन्यात "आमच्या वाड्यात चालत नाही" अशी पाटीपण लागली. बिचारी मुलं पनीर खाऊन होती.

बरं, फायदा किती झाला तेपण सांगते, नाहीतर म्हणाल नुसत्या गप्पा. महिन्याला साधारण बाराशे वाचले, आप्पांनी वहीत जमेच्या बाजूला तारीखवार लिहिलेत. मग तीन महिन्यांची सरासरी शुगर सातवरून साडेनऊवर गेली. अडकित्त्याबद्दल डॉक्टरांसमोर कुणी चकार शब्द काढला नाही, त्यामुळे त्यांना वाटलं औषध पुरत नाहीये, त्यांनी अजून एक गोळी वाढवली. ब्रँडेडच. मग पुन्हा रक्त, लघवी, किडनीची टेस्ट, डोळ्यांचा पडदा तपासून या म्हणाले तर तेही. हे पैसे मी फोनवरून भरले, म्हणून वहीत नाहीत. वहीप्रमाणे आप्पा अजून नफ्यात आहेत.

शेवटी पुढच्या वेळी मीच बरोबर गेले. मुलाच्या ॲडमिशनचा विषय निघायच्या आत ते एक वाक्य बोलून टाकलं, मग अडकित्त्याचंही सांगितलं. डॉक्टर आधी आप्पांकडे बघतच राहिले, मग म्हणाले "हो, का नाही," आणि जेनेरिक नावं लिहून दिली, वाढवलेली गोळी तूर्त बंद. अर्धं मिनिट लागलं असेल. आप्पा रिक्षात एक शब्द बोलले नाहीत, चारचौघांत इज्जत गेली म्हणून. बाकीच्या गोळ्या जनऔषधीत मिळाल्या, एक तिथे नव्हती तिच्यासाठी दोन खेपा झाल्या, शुगरची साध्या दुकानात दुसऱ्या कंपनीची घेतली, आणि महिन्याचं बिल पाचशेच्या आत आलं.

रात्री आप्पांनी नवी स्ट्रिप उजेडात धरली. नाव वाचलं, तारीख वाचली, मग एमआरपी वाचली. मग परत एमआरपी वाचली. अडकित्ता मी दुपारीच माळ्यावर टाकला होता, त्यामुळे मला वाटलं आता काही काळजी नाही.

"अगं, एवढी स्वस्त म्हणजे पॉवर कमी असणार हिची," ते म्हणाले. "दोन-दोन घेऊ का?"