हॉरिकॉनची दलदल आणि शिकाऱ्याचे पंचवीस डॉलर

गेल्या आठवड्यात आम्हा मराठी कुटुंबांच्या एका घरगुती जेवणात मी बोलता बोलता सांगितले की, मी स्वतः बंदूक हातात धरत नसलो तरी बदकांच्या शिकारीसाठी लागणारे अमेरिकी सरकारचे तिकीट, ज्याला 'डक स्टॅम्प' म्हणतात, दरवर्षी विकत घेतो. त्यावर आमच्यातील एका वडीलधाऱ्या काकूंनी विचारले, "अरे, जीव मारायच्या परवान्याला तू पैसे देतोस आणि वर त्याला निसर्ग वाचवणे म्हणतोस, हे कसे?" प्रश्न मनापासूनचा होता आणि पानावर बसल्या बसल्या चार वाक्यांत त्याचे उत्तर देणे मला जमले नाही. म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

मी गेली चौदा वर्षे विस्कॉन्सिन राज्यात राहतो. मिलवॉकीहून मोटारीने साधारण तासाभरात हॉरिकॉनची दलदल लागते. सुमारे ३३ हजार एकरांचा हा पाणथळ प्रदेश रॉक नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. हिमयुगाच्या अखेरीस मागे सरकलेल्या हिमनदीने येथे एक सरोवर मागे ठेवले, ते हजारो वर्षांत गाळाने आणि कुजलेल्या वनस्पतींनी उथळ होत गेले आणि आज तेथे नजर पोहोचेल तेथवर पाणकणसांचे रान उभे आहे. ऑक्टोबरमध्ये कॅनडा गूज या मोठ्या हंसांचे थवे उतरू लागले की शेजारच्या रस्त्यावर उभे राहून आपसात बोलणेही कठीण होते. दक्षिणेकडील एक तृतीयांश भाग राज्याचा आहे व तेथे कोणीही परवानाधारक नागरिक शिकारीला किंवा मासेमारीला जाऊ शकतो. उत्तरेकडील उरलेला भाग संघराज्य सरकारचे अभयारण्य आहे आणि त्यातील मोठ्या क्षेत्रात बदकांना बंदुकीचे भय नसते. १९९० साली या दलदलीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत स्थान मिळाले.

हे सारे आयते मिळालेले नाही. हो-चंक आणि पोटावाटोमी हे मूळनिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यावर जगत होते. त्यांना हुसकावून वसाहतवाले आले आणि १८४६ मध्ये त्यांनी येथे धरण बांधून दलदलीचे विस्तीर्ण सरोवर करून टाकले. बुडालेल्या जमिनींच्या मालकांनी न्यायालयात दाद मागितली आणि १८६९ मध्ये धरण निघाले. पाणी ओसरताच दलदल परतली, तिच्यामागून पक्षी परतले आणि पक्ष्यांमागून बाजारासाठी मारणारे शिकारी आले, जे बदके पिंपांत भरून रेल्वेने शहरांतील हॉटेलांकडे पाठवीत. त्याच काळात श्रीमंतांच्या खासगी शिकार क्लबांनी दलदलीचे मोठे भाग आपल्याकडे घेतले आणि काठावरच्या सामान्य माणसाला तेथे पाय ठेवण्याची मनाई झाली. पुढे १९१० नंतर मोठा चर खणून सगळे पाणी काढून टाकण्याचा आणि तेथे भाजीपाला पिकवण्याचा उद्योग झाला. पीक काही नीट आले नाही. उघडे पडलेले पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची ती काळी माती, मात्र वाळून पेटत राहिली. जमिनीखालच्या त्या आगी विझवणे कोणाच्याही हाती नव्हते.

त्या जळक्या जमिनीसाठी पुढे कोण सरसावले, हे काकूंना मला सांगायचे आहे. १९२२ मध्ये शिकागो येथे मासे गरवणाऱ्या मंडळींनी आयझॅक वॉल्टन लीग ही संघटना काढली होती. तिच्या विस्कॉन्सिनमधील कार्यकर्त्यांनी, विशेषतः हॉरिकॉनच्या लुई रॅडके यांनी, दलदल पूर्ववत करण्यासाठी अनेक वर्षे चळवळ चालवली. ही माणसे स्वतः शिकार करणारी आणि मासे पकडणारी होती. १९२७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने हॉरिकॉनसाठी कायदा केला, १९३४ मध्ये नवे धरण पूर्ण होऊन पाणी पुन्हा चढले आणि १९४१ मध्ये उत्तरेकडील भागात संघराज्याचे अभयारण्य स्थापन झाले.

जंगलांची कथाही फारशी वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकात उत्तर विस्कॉन्सिनमधील पांढऱ्या पाइनची अरण्ये लाकूड कंपन्यांनी तोडून नेली. खुंट उरलेली ती जमीन शेतीसाठी म्हणून गरीब स्थलांतरितांना विकली गेली, पण वाळूवर आणि अल्पशा उन्हाळ्यावर शेती उभी राहीना. लोक कर भरू शकले नाहीत, जमिनी काउंट्यांकडे, म्हणजे तेथील जिल्हा प्रशासनांकडे, जमा झाल्या आणि १९२० व ३० च्या दशकांत त्यांवर पुन्हा झाडे लावण्यात आली. आज अशी काउंटी वने सुमारे २४ लाख एकर आहेत आणि ती सर्वांना खुली आहेत. नोव्हेंबरमधल्या नऊ दिवसांच्या हरणांच्या हंगामात भडक नारिंगी जाकिटे घालून त्या रानात शिरणाऱ्यांत मोठा भरणा गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्यांचा, ट्रकचालकांचा आणि शाळामास्तरांचा असतो. स्वतःच्या मालकीचे रान असण्याची ऐपत त्यांच्यात नाही. हे रान उद्या विकले गेले, तर त्यांना जायला दुसरी जागा उरणार नाही.

आता पैशांविषयी. १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून पाणपक्ष्यांच्या प्रत्येक प्रौढ शिकाऱ्याला एक तिकीट विकत घेणे बंधनकारक केले. त्या वेळी त्याची किंमत एक डॉलर होती आणि पहिल्या तिकिटावरील बदकांचे चित्र जे. एन. डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढले होते, जे त्या काळात वन्यजीव खात्याचे प्रमुखही होते. आज हे तिकीट पंचवीस डॉलरना मिळते आणि त्यातील प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमिनी विकत घेण्यासाठी किंवा त्यांच्या संरक्षणाचे कायमचे हक्क मिळवण्यासाठी खर्च होतात. गेल्या नव्वद वर्षांत या तिकिटाच्या पैशातून साठ लाख एकरांच्या आसपास जमीन राखली गेली आहे. याखेरीज लांब नळीच्या बंदुकांवर व काडतुसांवर ११ टक्के आणि मासेमारीच्या साहित्यावर १० टक्के कर आहे आणि १९३७ व १९५० च्या कायद्यांनी तो पैसा राज्यांच्या वन्यजीव आणि मत्स्यकार्याकडे वळवला. दुर्बीण घेऊन पक्षी पाहणाऱ्या माझ्यासारख्यांच्या दुर्बिणीवर असा कर नाही. ज्या पाणथळीत मी सकाळी क्रौंच पाहतो ती राखण्याचा खर्च वर्षानुवर्षे माझ्या शिकारी शेजाऱ्याने उचलला आहे, हे मला समजले तेव्हापासून मी ते तिकीट घेऊ लागलो.

काकूंच्या आक्षेपाचा गाभा यानेही सुटत नाही, याची मला जाणीव आहे. शिकारीने जीव जातो, हे खरेच आहे. याच राज्यात १८७१ मध्ये प्रवासी कबुतरांची इतकी प्रचंड वीण झाली होती की ती शेकडो चौरस मैलांवर पसरली होती. बाजारासाठी मारणाऱ्यांनी त्यांचा असा संहार केला की १८९९ मध्ये बॅबकॉक येथे राज्यातील अखेरचे रानातले कबूतर मारले गेले आणि १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात त्या जातीचा शेवटचा पक्षी मेला. पण ते कबूतर ज्या व्यवहाराने संपले, त्यात पक्षी कोणाचाच नव्हता, म्हणून ज्याने आधी मारला त्याचा झाला. आज पक्षी सर्वांचा मानला जातो, मारलेले बदक विकता येत नाही, हंगाम आणि दिवसाला किती पक्षी मारायचे ती मर्यादा ठरलेली असते आणि शिशाचे छरे १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर बंद आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९३३ पासून वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड हे आजीवन शिकारी होते आणि बाराबूजवळच्या उजाड शेतावर त्यांनी कुटुंबासह हजारो झाडे लावली. मला शिकार करावीशी वाटत नाही, पुढेही वाटणार नाही. पण बदकांचा खरा शत्रू कोण, हे विचारले तर मी चर खणणाऱ्या यंत्राकडे बोट दाखवीन. विस्कॉन्सिनमधील मूळच्या सुमारे एक कोटी एकर पाणथळीपैकी जवळपास निम्मी नाहीशी झाली आहे आणि ती कोणा शिकाऱ्याने नाहीशी केलेली नाही.

माझे या विषयाशी असलेले नाते मात्र बदकांमुळे जुळले नाही, माशांमुळे जुळले. रायगड जिल्ह्यातील आमच्या गावी मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की वलगण लागायची. ओढ्याचे पाणी भाताच्या खाचरांत चढायचे, त्याबरोबर अंड्यांनी भरलेले मासे चढायचे आणि सारा गाव बत्त्या, पाग व टोपल्या घेऊन रात्री बांधावर उतरायचा. येथे आल्यावर पहिल्या वसंतात शेजारच्या निवृत्त कामगाराने मला दलदलीच्या कडेला नेले. बर्फ नुकताच वितळला होता आणि बुडालेल्या गेल्या वर्षीच्या गवतात, गुडघ्याएवढ्या पाण्यात, हातभर लांबीचे नॉर्दर्न पाइक मासे अंडी घालण्यासाठी शिरले होते. त्यांची अंडी गवताला चिकटतात, पिल्ले काही आठवडे तेथेच वाढतात आणि पाणी उतरताना नदीत जातात. मी त्याला म्हणालो, "आमच्याकडे याला वलगण म्हणतात." तो शब्द त्याला नीट उच्चारता आला नाही, पण त्याचा अर्थ त्याला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. उथळ पाण्याची ती गवताळ पट्टी भरून टाकली की नदी दिसायला तीच राहते, पण तिच्यात मासा उरत नाही.

गावाकडची आमची ती खाचरे आणि त्यांखालचे खाजण आता भरावाखाली गेले आहे. ते कोणी भरले याच्या तपशिलात मी शिरत नाही. मला बोचते ते इतकेच की, ज्या दिवशी कुंपण पडले त्या दिवशी गावातील कोणालाही "ही जागा आमचीही आहे" असे कागद दाखवून म्हणता आले नाही. वहिवाट होती, हक्क लिहिलेला नव्हता. विस्कॉन्सिनच्या राज्यघटनेत नौकानयनयोग्य पाणी सर्वांना सदैव मुक्त राहील असे लिहिले आहे आणि २००३ पासून मासेमारी व शिकारीचा हक्कही त्या घटनेत आहे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा स्पष्ट आदेश दिलेला आहे; गायराने आणि गावतळी वाचवण्यासाठी झगडणाऱ्यांच्या हातात तो कागद असायला हवा.

येथेही निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅकेट खटल्यात असा निर्णय दिला की, ज्या पाणथळीचा नदी-तलावांशी पृष्ठभागावरून सलग संबंध नाही तिला संघराज्याच्या जलकायद्याचे संरक्षण नाही. निसर्गरक्षणासाठी राज्याची भूखरेदीची योजना १९८९ मध्ये सुरू झाली आणि तिला एका रिपब्लिकन व एका डेमोक्रॅट गव्हर्नरांचे, नोल्स आणि नेल्सन यांचे, नाव जोडलेले आहे. नेल्सन यांनी तर १९६१ मध्येच सिगारेटच्या पाकिटामागे एक सेंट कर लावून पाच कोटी डॉलरची भूखरेदी योजना आखली होती. अशा वारशाची योजना दर मुदतवाढीला पक्षीय रस्सीखेचीत अडकते आणि २०२१ मध्ये मिळालेली मुदतही २०२६ च्या जूनपर्यंतचीच होती. जमिनीची किंमत मात्र मुदतवाढीची वाट पाहत थांबत नाही.

म्हणून काकूंना आणि येथील सर्व मराठी मंडळींना माझी विनंती आहे. तुम्ही मांस खात नसाल, बंदुकीचा आवाज तुम्हाला सहन होत नसेल, तरी पोस्टात जाऊन हे पंचवीस डॉलरचे तिकीट घ्या. ते घेण्यासाठी शिकारी असावे लागत नाही. आपल्या मतदारसंघाच्या राज्य प्रतिनिधीला नोल्स-नेल्सन योजनेविषयी एक पत्र लिहा. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एखाद्या सकाळी माझ्याबरोबर हॉरिकॉनला चला. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट लागतील; जादा दोन जोड माझ्याकडे आहेत.