माल टॅली झाला

खोक्यात सुटी येणारी किचनची कपाटं मागवलीत तर त्यात हँडल नसतात. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे निदान तुमचा तरी रविवार वाचेल. फोटोत असतात, चांगली काळी, लांबट, झकास दिसणारी. खोक्यात नसतात. भिंतीत मारायचे स्क्रू नसतात, त्यांच्यासाठी भिंतीच्या भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या नसतात, कपाटाचे प्लास्टिकचे पाय झाकायची पट्टी नसते, ती पट्टी पायांना धरून ठेवणारी क्लिप नसते, कडेच्या कपाटाची उघडी बाजू झाकायचं पॅनल नसतं, आणि भिंत आणि कपाट यांच्यामधल्या फटीत बसवायची फिलर पट्टी नावाची काही वस्तू जगात असते हे तर कुणी तुम्हाला सांगतच नाही. कपाटं असतात. म्हणजे फळ्या असतात.

तर आम्ही ओट्यासमोरच्या भिंतीला अशी सपाट खोक्यात येणारी कपाटं घेतली, खाली एक रांग, वर एक रांग. ओट्याला हात लावायचा नाही ही घरातली अट होती. सुताराकडून का नाही करून घेतलं असं बरेच जण विचारतात. सुताराने मापं घेतली, ॲडव्हान्स घेतला आणि फोन घेणं बंद केलं. म्हणून ऑनलाइन.

हा सगळा प्रकार स्वीडनवरून आलाय म्हणे. 1956 च्या सुमाराला गिलिस लुंडग्रेन नावाच्या डिझायनरला एक टेबल गाडीत घालायचं होतं, मावेना, म्हणून त्याने पाय काढले आणि तिथून सुट्या फर्निचरचा धंदा वाढला अशी गोष्ट सांगतात. छान गोष्ट आहे. फक्त त्या माणसाने काढलेले पाय त्याच गाडीत ठेवले होते हे नंतरच्या लोकांनी विसरायला नको होतं. (माझं पार्सल त्या स्वीडनवाल्यांचं, म्हणजे आयकियाचं, नव्हतं, उगाच त्यांना शिव्या नकोत. कुणाचं होतं ते सांगत नाही.)

सगळ्या खोल्यांत फळ्या, हॉलमध्ये थर्माकोलचा बारीक चुरा, बायको माहेरी जायच्या गोष्टी बोलतेय, ते पंचवटीत म्हणजे रिक्षाने जाण्यासारखं आहे त्यामुळे धमकी खरी वाटते, आणि मी कंपनीच्या हेल्पलाइनवर होल्डची ट्यून ऐकत बसलेलो. दार उघडंच होतं कारण खोकी दारात अडकली होती. त्यातून वाट काढत वरच्या मजल्यावरचे काका आत आले.

काकांबद्दल सांगायला पाहिजे. आम्ही जेलरोडला राहतो आणि इथे दर दुसऱ्या घरात एक जण प्रेसमधून रिटायर झालेला असतो, म्हणजे आपली नाशिकरोडची प्रेस, जिथे नोटा आणि स्टॅम्प छापतात. काका तिथे मोजणीला होते. आयुष्यभर मोजत होते. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही म्हणून सोसायटीच्या टाकीत किती टँकर पडले, पार्किंगमध्ये कुणाच्या किती गाड्या, कुणाकडे किती पाहुणे आणि ते किती दिवस, असं मोजत असतात. माणूस वाईट नाही हो. आमच्या आईच्या आजारपणात रात्री दोन वाजता गाडी काढलेली त्यांनी, म्हणून तर काही बोलता येत नाही.

"काय रे, दुकान टाकतोयस का?"

"नाही काका, किचनचं आहे."

"यादी आहे?"

"आहे की."

"मोजलंस?"

मी म्हटलं अजून नाही. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला उगाचच निलंबित झाल्यासारखं वाटलं. "आधी मोजायचं, मग सही, मग हात लावायचा. आमच्याकडे एक शीट कमी भरली ना, अख्खं सेक्शन थांबायचं. गेट बंद. साहेबसुद्धा घरी जायचा नाही."

मग त्यांनी स्टूल ओढलं, खाली पेपर पसरला, माझ्या हातातली पाकिटं घेतली आणि सगळी फोडून त्यावर ओतली. खिशाला पेन होतंच. मी यादी वाचायची, त्यांनी मोजायचं, दहा-दहाच्या रांगा लावायच्या. कॅम लॉक, त्या गोल चकत्या, बरोबर. त्यात अडकणारे बोल्ट, बरोबर. फळीला आधार देणाऱ्या 5 मिलिमीटरच्या पिना, बरोबर. बिजागऱ्या, 35 मिलिमीटरच्या वाटीवाल्या, सॉफ्ट क्लोज, काकांनी प्रत्येक उघडून मिटून बघितली, बरोबर. मग आल्या फळ्या एकमेकींत बसवायच्या लाकडी गुल्ल्या. यादीत 64, पेपरवर 63.

काका उभे राहिले. "कुणी बाहेर जायचं नाही."

बायको भाजी आणायला निघाली होती, ती चपला घालून दारात तशीच थांबली. खरंच थांबली, हे मला अजून समजत नाही. फ्रिज सरकवला. खोकी उलटी केली. केरसुणीचे हीर विंचरले. मी म्हटलं काका जाऊ दे, एका गुल्लीने काय होतंय, दहा रुपयाला मूठभर मिळतात, तर म्हणाले, "दहा रुपयांचा प्रश्नच नाहीये." मग त्यांची नजर आमच्या पाच वर्षांच्या मुलीकडे गेली. ती बाहुल्यांचा स्वयंपाक करत होती. काका वाकून तिला म्हणाले, "बाळ, तुझ्याकडे माल आहे का?" तिने गुल्ली दाखवली. पोळ्या लाटायला घेतली होती तिने. काकांनी ती रीतसर ताब्यात घेतली, तिला खिशातली लिमलेटची गोळी दिली, गुल्ली सातव्या रांगेत ठेवली आणि टाळी वाजवून म्हणाले, "टॅली!"

मग यादीच्या खाली लिहिलं 'माल बरोबर', तारीख टाकली, सही केली आणि चहा मागितला.

मी म्हटलं, "काका, पण हँडल कुठेत?"

"यादीत आहेत का?"

"नाहीत."

"मग कमी नाहीत."

"अहो पण दारं उघडायची कशी?"

"ते यादीत विचारलंय का?"

नेमकी त्याच क्षणी होल्डची ट्यून थांबली. फोन स्पीकरवर होता. पलीकडून एक मॅडम हिंदीत म्हणाल्या की सर बोलिये, तर मी तोंड उघडायच्या आत काकांनी फोन उचलला आणि म्हणाले, "मॅडम, मैं खुद गिना है. सब माल बराबर है. एक नग कम नहीं. लडका जरा कन्फ्यूज है." लडका! मला पुढच्या वर्षी चाळिशीचा चष्मा लागून पाच वर्षं होतील. मॅडमचा सुटकेचा निःश्वास अख्ख्या हॉलला ऐकू आला. थँक्यू सर, आपका दिन शुभ हो. फोन कट. दोन मिनिटांत मेसेज, तुमची तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या. काका म्हणाले पाच दे, बिचारी चांगली बोलली.

राग कसला येतो सांगू का, काका चुकीचे नव्हते. माल खरंच टॅली होता. जी वस्तू यादीतच नाही ती कमी कशी भरेल? कंपनी खोटं बोललेलीच नाही. ती फक्त सांगत नाही. कपाट म्हणजे त्यांच्या लेखी एक खोका, आणि तो खोका भिंतीला टांगणं, जमिनीवर सरळ उभा करणं, उघडणं आणि चारचौघांत बघण्यासारखा करणं हे सगळं तुमचं खाजगी प्रकरण. त्यांच्या वेबसाइटवर हे सगळं मिळतं बरं का. वेगळ्या पानावर, वेगळ्या पैशांनी, आणि तिथे पोचायला त्या वस्तूचं नाव माहीत असावं लागतं.

भिंतीच्या स्क्रूचं मी समजू शकतो. कंपनीला तुमची भिंत ठाऊक नसते, विटेला वेगळी गिट्टी, काँक्रीटला वेगळी. आमची बिल्डिंग नवी, भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आतून निव्वळ पाव. साधी गिट्टी मारली की जागच्या जागी फिरते. वरच्या कपाटात आमचे स्टीलचे डबे, दोन कुकर आणि सासूबाईंनी दिलेली पितळी पातेली जाणार, ती पातेली एकवेळ पडली तरी चालतील पण भिंत घेऊन पडायला नकोत. त्याला लांब नायलॉनची, हलक्या ब्लॉकसाठीची वेगळी गिट्टी लागते. ती जवळच्या बिटको चौकात मिळाली नाही. एका दुकानदाराने विचारलं, भिंत कशाची आहे दादा, मी म्हटलं किचनची, त्याने पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. शेवटी नाशिक गावातल्या रविवार कारंज्याला जावं लागलं, म्हणजे द्वारकेवरून, आणि द्वारकेच्या चौकात ज्याने संध्याकाळी गाडी घातलीय त्याला पुढचं सांगायला नको. त्यात 2027 च्या सिंहस्थासाठी जिकडे-तिकडे खोदून ठेवलंय.

पण हँडलला काय भिंत लागते? हँडलच्या दोन भोकांमधलं अंतर 96, 128, 160 असं ठरलेलं असतं, सगळे 32 च्या पाढ्यातले आकडे, सगळं जग त्याच मापाने चालतं, मग द्या ना सोबत. बरं, बाहेरून घेतली, तर सोबतचे स्क्रू 18 मिलिमीटरच्या दाराला बरोब्बर बसतात आणि ड्रॉवरला पोचतच नाहीत, कारण ड्रॉवरला पुढची शोची फळी आणि मागची खोक्याची फळी अशा दोन असतात. मग लांब स्क्रू वेगळे आणा. तोपर्यंत आमच्याकडे ड्रॉवर उलथन्याने उघडत होते. चमचे उलथन्याने उघडायच्या ड्रॉवरमध्ये, आणि उलथनं त्याच ड्रॉवरमध्ये ठेवायचं असतं, विचार करा.

आणि फिलर. कपाट भिंतीला अगदी चिकटवून लावलं तर दार पूर्ण उघडत नाही, हँडल भिंतीला आपटतं, आणि दार अर्धवट उघडं राहिलं की आतली जाळी बाहेर येत नाही. म्हणून मध्ये चार-पाच सेंटिमीटरची पट्टी सोडायची असते. शिवाय बिल्डरने दिलेली कुठली भिंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, असते? आमची खाली कपाटाला टेकते आणि वर बोटभर लांब राहते, त्यामुळे पट्टी तिरकी कापावी लागते. जमिनीचंही तेच, पाणी जावं म्हणून ड्राय बाल्कनीकडे उतार, बरोबरच आहे, पण त्यामुळे एका टोकाचा पाय पूर्ण आत पिळलेला आणि दुसऱ्या टोकाचा पार बाहेर. ते पाय आट्यांचे असतात, तेवढे मात्र खोक्यात मिळाले. झाकायची पट्टी सोडून. म्हणजे सध्या आमची कपाटं गुडघ्यापर्यंत साडी खोचून उभी आहेत आणि खालून झुरळांचा हमरस्ता आहे.

ती पट्टी मागवलीय. ती 8 फुटांचीच येते, मला साडेपाच फूट हवी. क्लिपा चारच्या पाकिटात, मला पाच हव्यात, म्हणजे आठ. बाजूचं पॅनल दाराच्या रंगाचं नाही, कारण "तो शेड आता बंद झालाय सर", माझी दारं येऊन महिना नाही झाला. सिंकखालच्या कपाटात घालायचा ॲल्युमिनियमचा पत्रा घ्या असं कुणीतरी सांगितलं, आमचं सिंक त्या बाजूला नाहीच, तरी मी दोन मिनिटं विचार केला, इतकी सवय लागलीय. आणि पट्टीच्या किमतीपेक्षा डिलिव्हरी चार्ज जास्त. तक्रार करायला फोन केला तर म्हणाले, सर तुमची तक्रार तर क्लोज आहे, समाधानकारक, पाच स्टार.

काका रोज येतात. झालं का विचारतात, खाली वाकून मोबाइलच्या टॉर्चने पाय बघतात, "नागडं दिसतंय रे" म्हणतात आणि वर जातात. काल येताना म्हणाले, "माझे साडू सिन्नरहून येतायत, त्यांनाही असलंच किचन करायचंय, मी त्यांना सांगितलंय की आमच्या खालच्या मुलाने घेतलंय, एकदम चोख माल, मी स्वतः मोजलाय." उद्या संध्याकाळी दोघं बघायला येणार आहेत. "तू घरी थांब, त्यांना सगळं समजावून सांग. आणि तेवढी हँडलं कुठून आणलीस ते लिहून ठेव."