एआयची तयारी मोजा आणि पास व्हा

एमबीएच्या प्रोजेक्टला विषय सुचत नाहीये? 'विद्यापीठीय विद्यार्थ्यांची एआय साधने स्वीकारण्याची तयारी' हा घ्या. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि होस्टेलांनी ते कुणालाही न विचारता स्वीकारून टाकलं. पण तयारी होती की नाही, हे शास्त्रशुद्ध ठरायचं राहिलंय. ते पुण्य तुमच्या पदरात पडू दे.

सैद्धांतिक चौकट आयती आहे. फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ सालीच सांगून ठेवलंय की, उपयोगी आणि सोपं वाटलं तर माणूस तंत्रज्ञान स्वीकारतो. (उद्या सबमिशन आहे, हा तिसरा घटक त्याने सोडला. आपल्याकडे शिकला नाही ना!)

प्रश्नावली गूगल फॉर्मवर करा, प्रश्न एआयकडूनच काढून घ्या. लिंक वर्गाच्या ग्रुपवर टाका: 'प्लीज भरा रे, दोन मिनिटं लागतात.' त्यांचे फॉर्म तुम्ही भरा, तुमचा ते भरतील. 'एआयची भीती वाटते' आणि 'एआयची भीती वाटत नाही' या दोन्हींना 'पूर्णपणे सहमत' म्हणणारे निघतील. त्यांना वगळू नका, सॅम्पल लहान होतं.

संदर्भसूचीही एआयच देईल. लेखक, वर्ष, खंड, पानं, सगळं जिथल्या तिथे. फक्त तो लेख जगात कुठे नसतो. गाइड सूचीची पानं मोजतात, वाचत नाहीत.

प्लेजरिझमची, म्हणजे उचलेगिरीची, धास्ती सोडा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही. सीनियरची फाइल उतरवली की साम्य सापडायचं, कधी कधी तिच्या नावासकट! एआयचा मजकूर कुणाचाच नसतो, म्हणजे तुमचाच. आणि तो पकडणारं सॉफ्टवेअर? चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने आपलं तसलं साधन २०२३ मध्ये अचूकता कमी पडते म्हणून मागे घेतलं.

शिफारशींत 'साधने विद्यार्थ्यांना परवडावीत' हे लिहायला विसरू नका. जिओने २०२५ मध्ये गूगलचं एआय जेमिनी प्रो १८ महिने फुकट वाटलं असलं तरी काय झालं, शिफारस ही शिफारस असते.

राहिली व्हायवा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, मोबाइलकडे बघत प्रश्न विचारतील. निर्धास्त असा. 'उद्या काय विचारतील?' असं आदल्या रात्री तुम्ही ज्याला विचारलंत, त्यालाच 'काय विचारू?' असं त्यांनी सकाळी विचारलेलं असतं.