सरकार आरोपी होऊ शकत नाही म्हणे

आज सकाळी एका जुन्या मित्राने मला समजावलं, "अगं, सरकारवर फौजदारी खटला चालत नाही, माणसांवर चालतो. विषय संपला." ते 'विषय संपला' दिवसभर डोक्यात ठणकतंय.

माझ्या बाबांची दोन बोटं कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेली. काम भरभर व्हावं म्हणून प्रेसचं गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी, काढून ठेवलेलं होतं आणि ते वरपासून खालपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. चौकशी झाली, सुपरवायझरला घरी बसवलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तीच प्रेस, तशीच, बिनागार्डची, सुरू.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटला चालवणाऱ्या न्यूरेंबर्गच्या न्यायाधीशांनी १९४६ मध्ये सांगितलं की गुन्हे माणसं करतात, अमूर्त संस्था नाही. ठीक आहे, त्यामुळेच 'राज्यासाठी, म्हणजे देशासाठी केलं' म्हणणारे मंत्री आणि सेनापती सुटले नाहीत. पण त्याच निकालात एसएस (नाझींचं निमलष्करी दल) आणि गेस्टापो (गुप्त पोलीस) या अख्ख्या संघटना गुन्हेगार ठरवल्या! मग राइशचं, म्हणजे हिटलरच्या सरकारचं, मंत्रिमंडळ का नाही? तर म्हणे १९३७ नंतर त्याची बैठकच झाली नव्हती, आणि माणसं थोडी होती, एकेकावर खटला भरता आला असता. म्हणजे पुन्हा सुपरवायझरच.

संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने १९७६ मध्ये राज्यांच्या जबाबदारीवरच्या मसुद्याच्या कलम १९ मध्ये राज्याच्या काही कृत्यांना 'आंतरराष्ट्रीय गुन्हा' असं स्पष्ट म्हटलं होतं. पंचवीस वर्षं त्यावर खल केला आणि २००१ मध्ये तो शब्दच काढून टाकला. शब्द! साधा शब्दसुद्धा झेपला नाही यांना.

आणि स्रेब्रेनित्सा? बोस्नियातलं गाव, जुलै १९९५, बोस्नियन सर्ब सैन्याने मारलेले आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि कोवळी मुलं. बोस्नियन सर्बांचा नेता कराजिच आणि सेनापती म्लादिच जन्मठेपेला गेले, हे मी नाकारत नाही. पण २००७ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने काय म्हटलं? या सैन्याला पाठबळ देणाऱ्या शेजारच्या सर्बियाने नरसंहार केला नाही, फक्त रोखला नाही आणि दोषींना शिक्षा केली नाही. पैशांची भरपाई शून्य. तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असलेल्या नेदरलँड्सच्या सैनिकांनी ज्यांना आपल्या तळावर थांबण्याची संधी दिली नाही, त्या साडेतीनशे जणांच्या बाबतीत नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आपल्या सरकारला १० टक्के जबाबदार धरलं. दहा टक्के. मुलगा गेलेल्या आईला हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

देशाला शिक्षा म्हणजे निरपराध नागरिकांच्या पोटावर पाय, हे तुम्ही म्हणणार. आहे त्यात तथ्य. पण भरपाईसुद्धा त्यांच्याच खिशातून जाते, तेव्हा कुणी ओरडत नाही. आणि कित्येक देशांत कंपनी आरोपी होते, तिला तरी कुठे हातापायांत बेड्या घालता येतात? मला कुणाची उपासमार नको. 'हा गुन्हा या राज्याने केला' एवढं कोर्टाने लिहावं, आणि ज्या यंत्रणेतून हुकूम निघाले ती मोडून दाखवायला लावावी.

लिहिता लिहिता राग जरा निवळलाय. बाबांनी त्या सुपरवायझरबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही. पैशांचंही फार बोलले नाहीत. हाताला पट्टी असताना घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायचे, "गार्ड बसवलं का रे?"

निवृत्त होईपर्यंत विचारत होते.